पावणेचार इंचांची माणसं आणि साडेसात फुटी जहाज

प्लास्टिक म्हातारं कसं होतं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. लॅबमध्ये आम्ही प्लास्टिकच्या पट्ट्या दिव्याखाली ठेवून मुद्दाम लवकर म्हाताऱ्या करतो. पण चाळीस-पन्नास वर्षं खऱ्या घरात, खऱ्या उन्हात आणि मुलांच्या हातात राहिलेलं प्लास्टिक बघायचं असेल तर जुन्या खेळण्यांइतका चांगला नमुना नाही. त्या नादात मी १९७० आणि ८० च्या दशकातल्या अमेरिकन ॲक्शन फिगर्सच्या गाड्या, विमानं आणि प्लेसेट यांच्या इतिहासात शिरलो. आज त्याबद्दलच लिहितोय.

आधी शब्द समजून घेऊ. ॲक्शन फिगर म्हणजे हातपाय हलणारी छोटी माणसाची आकृती. १९६४ मध्ये हॅसब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक बाजारात आणला. मुलगे 'बाहुली' विकत घेणार नाहीत अशी भीती होती, म्हणून बाहुली या शब्दाऐवजी 'ॲक्शन फिगर' हा नवा शब्द वापरला गेला. प्लेसेट म्हणजे या माणसांना उभं राहायला जागा: किल्ला, गुहा, अड्डा. आणि गाडी म्हणजे त्यांना बसवून पळवायला वाहन. माणूस एकटा असेल तर त्याला हातात धरून नाचवण्यापलीकडे फार काही करता येत नाही. त्याला गाडी आणि घर मिळालं की गोष्ट सुरू होते.

अडचण अशी की पहिला जी. आय. जो जवळपास १२ इंचांचा होता. एवढ्या माणसाला बसवायची जीप म्हणजे हातात मावणारी वस्तू नाही. हॅसब्रोने त्याच्यासाठी जीप काढली, मर्क्युरी यानावर बेतलेलं अंतराळयानही काढलं, पण मोठी वाहनं या मापात परवडणं शक्यच नव्हतं. त्यामुळे धंदा मुख्यतः कपडे, बंदुका, बूट अशा सुट्या सामानावर चालायचा.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. ऑक्टोबर १९७३ ते जानेवारी १९७४ या काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव बॅरलमागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या जवळ गेला. खेळण्यांचं प्लास्टिक तेलातूनच येतं, त्यामुळे मोठी खेळणी महाग पडू लागली. १२ इंची जी. आय. जो १९७६ मध्ये थांबला. त्याच वर्षी मेगो कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीची छोटी खेळणी 'मायक्रोनॉट्स' नावाने अमेरिकेत आणली. त्यातली माणसं होती पावणेचार इंचांची.

याच मेगोने स्टार वॉर्स सिनेमाच्या खेळण्यांचे हक्क घ्यायला नकार दिला. ते गेले सिनसिनाटीच्या केनर या कंपनीकडे. केनरचे अध्यक्ष बर्नार्ड लूमिस. ल्यूक स्कायवॉकर किती मोठा करायचा, असा प्रश्न आला तेव्हा लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये अंतर धरून दाखवलं आणि ते मोजल्यावर पावणेचार इंच भरलं, असा किस्सा सांगतात. किस्सा किती खरा ते सोडून देऊ. त्यामागचं कारण मात्र पक्कं आहे: या सिनेमात माणसांइतकीच यानं महत्त्वाची होती, आणि याने विकायची असतील तर आधी माणूस लहान व्हायला हवा.

इथे थोडं गणित करू, म्हणजे निर्णयाचं वजन कळेल. १२ भागिले ३.७५ म्हणजे ३.२. लांबी ३.२ पट कमी झाली की भरीव वस्तूचं घनफळ ३.२ चा घन, म्हणजे जवळजवळ ३३ पट कमी होतं. गाड्या भरीव नसतात, आतून पोकळ असतात. भिंतीची जाडी तीच ठेवली तर त्यांना लागणारं प्लास्टिक वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १० पट कमी होतं. केनरचं 'मिलेनियम फाल्कन' हे यान १९७९ मध्ये आलं. त्याची लांबी साधारण २१ इंच. तेच १२ इंची माणसाच्या मापाने केलं असतं तर साडेपाच फुटांच्या वर गेलं असतं. दुकानात ठेवायचं कुठे आणि घरात न्यायचं कसं?

स्टार वॉर्स २५ मे १९७७ ला प्रदर्शित झाला, आणि केनरकडे त्या नाताळात विकायला फिगर्स तयारच नव्हत्या. कारण साधं आहे. प्लास्टिकचं खेळणं बनवायला पोलादी साचा लागतो, वितळलेलं प्लास्टिक दाबाने त्यात भरतात, आणि हा साचा कोरायला महिनोन् महिने जातात. म्हणून केनरने चक्क एक रिकामं पाकीट विकलं. त्यात एक प्रमाणपत्र होतं. ते भरून पाठवलं की १९७८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत चार फिगर्स टपालाने घरी यायच्या. वस्तू नाही, वस्तूचं वचन! आणि लोकांनी ते घेतलं.

त्यानंतर मात्र गाड्यांची रांग लागली. १९७८ मध्ये लँडस्पीडर, एक्स-विंग आणि टाय फायटर, १९७९ मध्ये फाल्कन, १९८१ मध्ये चार पायांवर चालणारा एटी-एटी, १९८३ मध्ये इवॉक व्हिलेज, १९८४ मध्ये इम्पीरियल शटल. मधेच १९८१ पासून 'मिनी-रिग' नावाची छोटी वाहनं आली, ज्यांत एखादाच माणूस बसतो. गंमत म्हणजे ही सिनेमात कुठेच नव्हती. ज्याच्या आईवडिलांना फाल्कन परवडत नाही त्या मुलालाही काहीतरी वाहन मिळावं, म्हणून ती केनरने आपल्या मनाने तयार केली. म्हणजे इथे खेळणं सिनेमाच्या मागे गेलं नाही, खिशाच्या मागे गेलं.

डेथ स्टार या प्लेसेटची गोष्ट याहून बोलकी आहे. अमेरिकेत केनरने १९७८ मध्ये तो प्लास्टिकच्या मजल्यांचा मनोरा म्हणून काढला: वर तोफ, मध्ये लिफ्ट आणि तळाला कचराकुंडी. त्या कुंडीत रंगीबेरंगी फोमचे तुकडे 'कचरा' म्हणून भरलेले आणि त्यात लपलेला एक हिरवा राक्षस. ब्रिटनमध्ये तिथल्या पॅलिटॉय कंपनीने तोच डेथ स्टार चित्रं छापलेल्या पुठ्ठ्याचा केला. पुठ्ठ्याला महाग पोलादी साचा लागत नाही, छापखाना पुरतो. त्या वेळी तो स्वस्तातला पर्याय होता. आज संग्राहकांना तो प्लास्टिकवाल्यापेक्षा जास्त हवाहवासा वाटतो, कारण पुठ्ठा मुलांच्या हातात टिकत नाही. जे फाटलं नाही ते दुर्मीळ झालं.

१९८२ मध्ये हॅसब्रोने जी. आय. जो पुन्हा आणला, पण या वेळी पावणेचार इंचांचा. सोबत लगेच रणगाडा आणि जीप होती, पुढच्या वर्षी एफ-१४ वर बेतलेलं स्कायस्ट्रायकर विमान आलं. अनेक वाहनांसोबत त्यांचा चालकही मिळायचा, त्यामुळे तो सैनिक हवा तर गाडी घ्यावीच लागायची. १९८५ मध्ये या मालिकेचा कळस झाला: यू.एस.एस. फ्लॅग ही विमानवाहू नौका, लांबी साडेसात फूट. खोलीतला पलंग सरकवल्याशिवाय मांडता येणार नाही असं खेळणं.

आणि तरीही ही नौका मापाने 'छोटी'च होती. सहा फुटी माणूस पावणेचार इंचांचा झाला म्हणजे प्रमाण साधारण एकास एकोणीस. खरी निमित्झ वर्गातली नौका जवळपास १,०९२ फुटांची. तिला १९ ने भागलं तर ५७ फूट येतात. हॅसब्रोने दिले साडेसात. कोणत्याही मुलाने तक्रार केली नाही. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती महादरवाजापेक्षा उंच असते, म्हणून कोणी किल्ला मोडीत काढतं का? खेळाचं प्रमाण फुटपट्टीवर ठरत नाही, माणूस त्यावर उभा राहू शकतो की नाही यावर ठरतं.

आता साच्यांकडे परत येऊ, कारण इथेच या इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. साचा प्रचंड महाग, पण एकदा झाला की त्यातून निघणारी प्रत्येक वस्तू स्वस्त. त्यामुळे अमेरिकेत एखाद्या खेळण्याची विक्री संपली की त्याचा साचा दुसऱ्या देशात पाठवणं फायद्याचं ठरायचं. जी. आय. जोचे साचे असेच फिरले. ब्राझीलमध्ये एस्ट्रेला, अर्जेंटिनात प्लास्टिरामा आणि भारतात फनस्कूल. फनस्कूल ही एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये सुरू केलेली कंपनी, तिचा कारखाना गोव्यात. इथे निघालेले जी. आय. जो आकाराने अमेरिकन, पण रंग भलतेच: अमेरिकेत जो सैनिक हिरवा, तो इथे पिवळा-निळा असू शकतो. अमेरिकेत १९९४ मध्ये ही मालिका संपल्यावरही इथे उत्पादन चालू राहिलं. आज परदेशातले संग्राहक हे भारतीय रंग मुद्दाम शोधतात. नव्वदच्या दशकात इथल्या दुकानात पुठ्ठ्यावर लटकलेला सैनिक आज ओहायोतल्या कपाटात बसलेला असू शकतो.

संग्राहक नक्की काय शोधतात? लहानपणी ही खेळणी ज्यांच्याकडे होती किंवा ज्यांना ती मिळाली नाहीत, तीच मुलं मोठी होऊन कमावती झाली आणि त्यांनी बाजार उभा केला. न उघडलेलं खोकं सर्वांत वरचं. असं खोकं ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून त्याला १०० पैकी गुण देणाऱ्या संस्था आहेत. त्याखालोखाल 'पूर्ण' खेळणं, म्हणजे ज्याचा एकही सुटा भाग हरवलेला नाही असं. आणि हरवलेल्या भागांची यादी बघितली तर ती खेळाचीच नोंद वाटते. फाल्कनमध्ये दोऱ्याला लटकणारा सरावाचा छोटा चेंडू असतो, तो नेमका गायब. एटी-एटीच्या हनुवटीखालच्या बारीक तोफा तुटलेल्या. डेथ स्टारच्या कुंडीतला फोम नाहीसा. जिथे मुलांचे हात सर्वांत जास्त गेले, तिथलेच भाग गेले.

जिथे तुटवडा तिथे नक्कल आलीच. हरवलेले भाग आता नव्याने ओतले जातात, थ्रीडी प्रिंटरवर छापले जातात आणि काही वेळा 'अस्सल' म्हणून विकलेही जातात. संग्राहकांची एक घरगुती चाचणी आहे: भाग पाण्यात टाकायचा. तरंगला तर जुना, बुडाला तर नकली. यामागचं शास्त्र घनतेचं. पॉलिइथिलीनसारखं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून तरंगतं. एबीएस किंवा पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, म्हणून बुडतं. पण ही चाचणी फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगते, वय सांगत नाही. मूळ भागही वेगवेगळ्या कारखान्यांतून वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये निघाले होते. त्यामुळे बुडालेली प्रत्येक बंदूक नकली नसते आणि तरंगलेली प्रत्येक अस्सल नसते.

आता माझा खरा विषय. अशी खेळणी म्हातारी होतात ती एकाच प्रकाराने नाही.

यानांचं पांढरं किंवा राखाडी कवच सहसा एबीएसचं असतं. या नावात तीन घटक आहेत: ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन. यातला ब्युटाडाइनचा भाग रबरासारखा, म्हणून खेळणं पडलं तरी लगेच फुटत नाही. पण त्याच भागात दुहेरी बंध शिल्लक असतात आणि हवेतला ऑक्सिजन ऊन लागलं की तिथेच हल्ला करतो. त्यातून निळा प्रकाश शोषणारे रेणू तयार होतात आणि कवच पिवळं दिसू लागतं. म्हणजे ज्या घटकाने पडझड सोसली तोच आधी म्हातारा झाला.

मऊ भाग पीव्हीसीचे. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं प्लास्टिसायझर घालतात. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि पृष्ठभाग चिकट होतो. असा मऊ भाग दुसऱ्या कडक प्लास्टिकला, विशेषतः विमानाच्या पारदर्शक काचेसारख्या पॉलिस्टायरीनला, चिकटून पडून राहिला तर ते तेल तिथे शिरून त्याला वितळल्यासारखा डाग पाडतं. फोम तर सर्वांत आधी जातो: पॉलियुरेथेनचा फोम हवा आणि दमटपणाने भुगा होतो. १९८२ नंतरच्या जी. आय. जोच्या पोटात एक रबरी कडी असते, जिच्यावर धड आणि पाय एकत्र पेललेले असतात. रबर वाळून तुटलं की सैनिकाचे दोन तुकडे. आणि ज्या यानांत दिवा किंवा आवाज होता, त्यांत विसरलेल्या सेलमधून गळणारा क्षार धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतो.

यावर संग्राहकांनी उपायही शोधले. २००८ च्या सुमारास जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्यांनी 'रेट्रोब्राइट' नावाची रीत काढली: हायड्रोजन पेरॉक्साइड लावून वस्तू अतिनील प्रकाशात ठेवायची. पिवळेपणा खरोखर जातो, आधी-नंतरचे फोटो जादूसारखे दिसतात. खेळणी जमवणाऱ्यांनी ती लगेच उचलली. पण यात होतं काय, तर रंग देणारे रेणू मोडतात. तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत. झिजलेलं प्लास्टिक झिजलेलंच राहतं, फक्त दिसत नाही. आणि पिवळेपणा काही काळाने परतही येऊ शकतो, कारण मूळ कारण तिथेच असतं.

केस पांढरे झाले म्हणून कलप लावला तर वय कमी होत नाही, हे सगळ्यांना कळतं. मग वाद कशाचा? वाद असा की एक बाजू म्हणते, हे खेळणं आहे, ते १९७९ च्या नाताळात दिसलं तसं दिसायला हवं. दुसरी बाजू म्हणते, पिवळेपणा हीसुद्धा माहिती आहे. एक पंख पिवळा आणि एक पांढरा असेल तर ते यान वर्षानुवर्षं एकाच खिडकीत, एकाच बाजूने ऊन खात उभं होतं. वाकडा लागलेला स्टिकर कारखान्याने लावलेला नाही, सात-आठ वर्षांच्या मुलाने लावलेला आहे. आपण धुऊन, ब्लीच करून, स्टिकर बदलून, नवी तोफ बसवून ठेवलं तर उरतो तो कारखान्याचा इतिहास. खेळाचा इतिहास पुसला जातो.

संग्रहालयांनाही हा प्रश्न पडलाय. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या 'द स्ट्राँग' संग्रहालयातल्या नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये जी. आय. जो २००४ मध्ये आणि स्टार वॉर्सच्या फिगर्स २०१२ मध्ये आल्या. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या इव्हॉन शाशुआ यांनी २००८ मध्ये प्लास्टिकच्या जतनावर आख्खं पुस्तक लिहिलं. जतनाच्या या शाखेचा साधा नियम आहे: जे परत फिरवता येत नाही ते शक्यतो करू नका. पेरॉक्साइडची प्रक्रिया परत फिरवता येत नाही.

माझं मत मी दुसऱ्या बाजूने देतो, पण एका अटीवर. ज्या यानाच्या शेकडो प्रती उरल्यात, त्यातलं एक कोणी उजळून आपल्या मुलाला खेळायला दिलं तर मला आनंदच आहे. ते त्यासाठीच बनलं होतं. पण जे मोजकेच उरलेत, उदाहरणार्थ गोव्यात थोड्या काळासाठी निघालेले वेगळ्या रंगांचे तुकडे, त्यांचा रंग हाच त्यांचा पुरावा आहे. तो ब्लीच केला तर पुढच्या माणसाला कळणारच नाही की तो मूळचा फिकट होता, उन्हाने फिकट झाला की पेरॉक्साइडने.

त्यामुळे तुमच्या घरी माळ्यावर एखाद्या खोक्यात अशी गाडी किंवा विमान सापडलंच तर एवढं करा. आधी सेल काढा. गळलेले असतील तर हातमोजे घाला. अल्कलाइन सेलचा पांढरा क्षार थोड्या व्हिनेगरने पुसता येतो. धुण्याआधी चारही बाजूंनी आणि पोटाखालून फोटो काढा, कारण उत्पादनाचं साल आणि देश बहुतेक वेळा पोटाखालीच कोरलेला असतो. गाडीत बसवलेला सैनिक बाहेर काढून वेगळा ठेवा, मऊ आणि कडक प्लास्टिक एकमेकांना चिकटू देऊ नका. उन्हापासून आणि दमट भिंतीपासून दूर ठेवा. आणि ते कोणाचं होतं, कुठून आणलं, कोणता भाग कधी हरवला, हे घरातल्या कोणाला आठवत असेल तर एका चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाका. प्लास्टिकचं वय आम्ही लॅबमध्ये काढू शकतो. ही माहिती मात्र कोणत्याही यंत्रातून निघत नाही.